श्रावणात लेअर मॅश तोडू नका

आषाढ सरत आला की अंड्यांची मागणी उतरू लागते. श्रावण पाळणाऱ्या घरांत अंडं शिजत नाही. मग तळा तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर कोंबड्या पाळणाऱ्याला वाटतं, माल खपत नाही तर महागाचं खाद्य कशाला? लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, निम्म्यावर येतो आणि उरलेली भर भातगिरणीवरच्या कणीने होते. ही काटकसर गणपतीनंतर अंगाशी येते. गिऱ्हाईक परततं, पण खुराड्यात अंडी नसतात.

हिशेब करून पाहा. पिंजऱ्यातली किंवा शेडमधली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. चांगल्या लेअर मॅशमध्ये 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शिअम असतं, म्हणजे रोज पावणेचार ग्रॅमच्या वर कॅल्शिअम पोटात जातं. अंगी लागतं त्यातलं निम्मंच, आणि एका कवचालाच सुमारे 2 ग्रॅम जातं. कणीत प्रथिनं जेमतेम 8 टक्के, कॅल्शिअम नावापुरतं. निम्मी कणी मिसळली की प्रथिनं साडेबारावर येतात आणि कॅल्शिअम अर्धं होतं. तरी कोंबडी लगेच थांबत नाही. ती स्वतःच्या हाडांतलं कॅल्शिअम ओढून अंडं देत राहते. आधी कवच पातळ होतं, मग बिनकवचाची मऊ अंडी पडतात, शेवटी कोंबडी पायांतून बसते.

नाचणी घातली म्हणून हे भरून निघत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शिअम असतं ग्रॅमच्या एक तृतीयांश.

आपल्याकडे यावर स्वस्त उपाय आहे. मांदाडच्या खाडीकडे कालवं, तिसऱ्या खाल्ल्या जातात आणि शिंपले उकिरड्यावर जातात. ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, म्हणजे खारटपणा जाईल. वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढे कुटा. पीठ करू नका, ते पोटातून लवकर निघून जातं; जाडसर तुकडा रात्रभर हळूहळू विरघळतो. कवच मुख्यतः रात्रीच घडतं, म्हणून संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवं ती खाईल. परसात मोकळ्या फिरणाऱ्या गिरिराज, वनराजा जातींच्या कोंबड्यांना पावसाळ्यात किडा-मुंगी भरपूर मिळते, पण शिंपला आणि संध्याकाळी मूठभर लेअर मॅश त्यांनाही द्याच.

तलंगांना मात्र लेअर मॅश नको. 18 आठवड्यांच्या आत जादा कॅल्शिअम मूत्रपिंडाला मारतं. तोवर ग्रोअर मॅशच हवा. ब्रॉयलरचं पोतं अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका. त्यात कॅल्शिअम कमी, आणि चरबी वाढते.

या हवेत खाद्य टिकवणं निवडण्याइतकंच अवघड आहे. पंधरा दिवसांपुरतंच घ्या. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मका आणि शेंगदाणा पेंडीवर बुरशी पटकन धरते. गुठळ्या झालेलं, कुबट वासाचं खाद्य उन्हात घालून पुन्हा वापरू नका. बुरशी वाळते, तिचं विष तसंच राहतं आणि यकृत खातं. ते खड्ड्यात पुरा.

कणीवर आणलेल्या कोंबड्यांना आठवडाभरात मॅश वाढवत मूळ प्रमाणावर आणा. पातळ कवचाबरोबर घरघर, हिरवट विष्ठा किंवा मान वाकडी दिसली तर तो खाद्याचा दोष समजू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, मानमोडी असू शकते.