गंजलेला बोल्ट आणि घरची दुरुस्ती

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वाहन बाळगणाऱ्यास गंजाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, खारे वारे आणि चाकांखालून उडणारा चिखल यांचा पहिला मारा वाहनाच्या तळभागावर होतो. परिणामी, धक्के शोषून घेणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचे साधे काम एका न हलणाऱ्या बोल्टपाशी अडते. अशा वेळी पान्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावण्याचा मोह होतो. बोल्ट बहुधा तुटतो तो तेथेच.

लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगातून गंज निर्माण होतो. मिठामुळे ही क्रिया झपाट्याने घडते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांमधील सूक्ष्म फटीत तो ठासून बसतो. ही पकड बळाने तोडण्याऐवजी सैल करणे हाच खरा उपाय होय.

काम सुरू करण्यापूर्वी वाहन सपाट व कठीण जमिनीवर उभे करावे, हातब्रेक ओढावा आणि जमिनीवरील चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही शिरू नये. विटांचा आधारही विश्वासार्ह नाही. भक्कम लोखंडी स्टँडच वापरावेत. काही वाहनांत मागील आस खाली घसरू न देण्याचे कामही शॉक अ‍ॅब्सॉर्बरच करतो. म्हणून बोल्ट काढण्यापूर्वी आसाला स्वतंत्र टेकू द्यावा. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण गंजाचे कण थेट चेहऱ्यावर पडतात.

यानंतर पकड नेमकी कोठे आहे, हे ओळखावे. नटच फिरत नसेल, तर गंज आट्यांत आहे. उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडविणारे पातळ तेल आदल्या संध्याकाळीच सोडावे व सकाळी पुन्हा द्यावे. नटावर घट्ट बसणारा सहाकोनी सॉकेट किंवा रिंग पाना घ्यावा; सरकत्या जबड्याच्या पान्याने कोपरे झिजतात. प्रथम किंचित आवळून पाहावे, मग सोडवावे. थोडा सैल, थोडा घट्ट असे फिरवीत, मधूनमधून तेल देत पुढे जावे.

नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही. फिरविल्यास रबरासारखा परत येतो, असे आढळल्यास गंज रबरी बुशातील पोलादी नळीत आहे. येथे आणखी पिळणे व्यर्थ असते. नळीच्या दोन्ही टोकांना तेल द्यावे, बोल्टच्या टोकाशी नट सपाटीला आणून आट्यांचे रक्षण करावे व हातोड्याने ठोकावे. तरीही न निघाल्यास बुशाच्या दोन्ही बाजूंना करवतीने बोल्ट कापावा आणि बुश व बोल्ट दोन्ही नवे बसवावेत.

उष्णतेने नट प्रसरण पावतो, हे खरे. १२ मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट ३०० अंश सेल्सियसने तापविल्यास त्याचा व्यास जेमतेम ०.०४ मिलिमीटर वाढतो. मात्र तेवढ्यानेही पकड सुटू शकते. परंतु शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल व अनेकदा दाबाखालील वायू असतो. शेजारी रबर, ब्रेकची नळी वा इंधनाची नळीही असू शकते. म्हणून घरी ज्योत वापरू नये. ते काम कार्यशाळेकडे सोपवावे. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर प्राणघातक ठरू शकतो, म्हणून तिची उकलही तेथेच व्हावी.

नवा बोल्ट जुन्याच प्रतीचा असावा. डोक्यावरील ८.८ या खुणेतील पहिला अंक प्रति चौरस मिलिमीटर ८०० न्यूटन ताणशक्ती दर्शवितो. साधा बोल्ट तेथे चालणार नाही. बुशाच्या नळीतून जाणाऱ्या भागास ग्रीसचा पातळ थर द्यावा. आट्यांना मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच, कारण वंगणामुळे बोल्ट मर्यादेपेक्षा अधिक ताणला जातो. रबरी बुशाचा बोल्ट सामान्यतः वाहनाचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचा आवळावा. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते.

पावसाळा सरताच तळभाग गोड्या पाण्याने धुऊन उघड्या आट्यांवर संरक्षक लेप द्यावा. अर्ध्या तासाची ही दक्षता पुढील वेळी दिवसभराचे श्रम वाचविते. ग्रामपंचायतीच्या वा आरोग्य केंद्राच्या वाहनाला हाच नियम लागू केल्यास ऐन निकडीच्या वेळी ते वाहन दुरुस्तीसाठी अडून राहणार नाही.