हात न लावता वाजणारे वाद्य



वाद्य म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? तबल्यावर थाप पडते. सतारीची तार छेडली जाते. बासरीत फुंकर घातली जाते. म्हणजे स्पर्श केल्याशिवाय किंवा फुंकल्याशिवाय वाद्य वाजत नाही. पण जगात एक वाद्य असे आहे, की त्याला हात लावावाच लागत नाही. वादक त्याच्यापुढे उभा राहून हवेत हात हलवतो. हात जवळ आला की सूर चढतो, दूर गेला की उतरतो. या वाद्याचे नाव थेरेमिन.

हे वाद्य परदेशातले असले, तरी त्याचा आवाज आपल्या जालना जिल्ह्याला अगदीच अनोळखी नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पूर्वी भोकरदन असो, परतूर असो की घनसावंगी, गावोगावी रेडिओवर परभणी आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही आकाशवाणी केंद्रे ऐकली जात. केंद्र लावताना मध्येच ‘कुईंऽऽ’ अशी शिट्टी येई. ती ऐकणाऱ्याला नकोशी वाटे. तो घाईघाईने काटा पुढे सरकवी. पण त्या नकोशा शिट्टीतच एक वाद्य दडलेले आहे!

हे वाद्य रशियातील शास्त्रज्ञ लेव्ह तेरमेन यांनी 1920 च्या सुमारास तयार केले. तेरमेन यांचा जन्म 1896 साली झाला. त्यांना विज्ञानाची आवड होती आणि ते चेलो नावाचे तंतुवाद्यही वाजवत. पेत्रोग्राद शहरातील प्रयोगशाळेत ते वायूंचे गुणधर्म मोजणाऱ्या एका यंत्रावर काम करत होते. यंत्राजवळ हात नेला की त्याचा आवाज बदलतो, असे त्यांना दिसून आले. मोजमाप करणाऱ्याला हा अडथळाच वाटला असता. तेरमेन मात्र थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. हात पुढेमागे करून त्यांनी त्या आवाजातून धून काढली. अडथळ्याचे वाद्य झाले!

आता हे घडते कसे ते पाहू. काटा फिरवून केंद्र लावायच्या मध्यमलहरी रेडिओत ‘ऑसिलेटर’ नावाचा भाग असतो. तो विजेची जलद कंपने निर्माण करतो. आपण रेडिओ ज्या आकड्यावर लावतो, त्याहून ही कंपने बहुधा 455 किलोहर्ट्झने जास्त असतात. समजा, काटा 645 वर आहे. मग ऑसिलेटरची कंपने 645 + 455 = 1100 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 11,00,000 होतात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 पर्यंतचीच कंपने ऐकू येतात. म्हणून ही कंपने आपल्याला ऐकू येत नाहीत.

पण अशा दोन ऑसिलेटरच्या लहरी तिसऱ्या रेडिओत एकत्र आल्या, की त्यांच्यातला फरक ऐकू येतो. एकाची कंपने 11,00,000 आणि दुसऱ्याची 10,99,760 असली, तर फरक किती? 240. हाच सूर आपल्या कानावर पडतो. 240 कंपनांचा सूर आपण ‘सा’ मानला, तर 360 कंपनांचा ‘प’ आणि 480 कंपनांचा वरचा ‘सा’ होतो. गणितातली वजाबाकी अशी गाऊ लागते!

मग हाताचे काम काय? आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. रेडिओला जोडलेली तार, आपला हात आणि मधली हवा मिळून एक लहानसे धारित्र तयार होते. दुकानदार त्याला कंडेन्सर म्हणतात. हात जवळ आला की धारिता वाढते आणि ऑसिलेटरची कंपने थोडी कमी होतात. म्हणजे तुम्ही वाद्य नुसते वाजवत नाही, तुम्ही स्वतःच वाद्याचा एक भाग होता.

आता कृती करू या. सेलवर चालणारे, काटा फिरणारे तीन जुने मध्यमलहरी रेडिओ मिळवा. घरातल्या अडगळीत किंवा दुरुस्तीच्या दुकानात ते सापडतील. आकडे दाखवणारे नवे डिजिटल रेडिओ सहसा उपयोगी पडत नाहीत. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. भिंतीतल्या विजेवर चालणारा रेडिओ कधीही उघडू नका. त्यात जिवाला धोका असतो.

दुसऱ्या रेडिओचे मागचे झाकण काढा. काट्याबरोबर फिरणाऱ्या भागाला ‘गँग’ म्हणतात. गँगच्या ऑसिलेटरच्या टोकाला सुमारे अर्धा मीटर लांबीची तार जोडायची आहे. ते टोक कोणते, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा आणि त्याच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली तार डाखून घ्या. मग ती काठीला बांधून सरळ उभी करा.

तिसरा रेडिओ 1100 च्या आसपास, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही, अशा जागी लावा. फक्त खरखर ऐकू येईल. पहिला रेडिओ सुरू करा, त्याचा आवाज बंद ठेवा आणि तो तिसऱ्याजवळ आणा. त्याचा काटा 645 च्या आसपास हळूहळू फिरवा. एका जागी तिसऱ्या रेडिओची खरखर एकदम कमी होईल. तेथेच थांबा. आता दुसरा रेडिओही तसाच सुरू करून त्याचा काटा अगदी सावकाश फिरवा. बारीक शिट्टी येईल, ती जाड होत जाईल आणि नाहीशी होईल. दोन्ही ऑसिलेटरची कंपने आता सारखी झाली. तारेजवळ हात न्या. सूर उमटेल!

पहिल्याच दिवशी सारे जमेल असे नाही. पहिले दोन रेडिओ फार जवळ असले, तर ते एकमेकांना ओढून घेतात आणि सूर तुटतो. त्यांच्यात वीतभर अंतर ठेवा. मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिवा जवळ असला, तर खरखर वाढते. कोणी शेजारून चालत गेले, तरी सूर हलतो. अशा वेळी चिडू नका. ‘असे का झाले?’ हा प्रश्न वहीत लिहा. तेरमेन यांचे काम अशाच एका प्रश्नातून सुरू झाले होते.

सूर काढणे सोपे आहे, पण सुरात वाजवणे अवघड आहे. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. येथे हवेत कोणतीही खूण नाही. सारंगीवादकाप्रमाणे कानानेच जागा शोधावी लागते. म्हणूनच या वाद्यात सारंगीसारखी मींडही येते. क्लारा रॉकमोर या लहानपणी उत्तम व्हायोलिन वाजवत. हाताच्या दुखण्यामुळे त्यांना व्हायोलिन सोडावे लागले. पण त्यांनी थेरेमिनचा रियाज केला आणि त्या जगातील श्रेष्ठ थेरेमिनवादक ठरल्या.

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी 1949 साली घरीच थेरेमिन तयार केले. तेव्हा ते साधारण तुमच्याच वयाचे होते. पुढे 1964 मध्ये त्यांनी सिंथेसायझर बनवले. त्यांचे एक सिंथेसायझर 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि भारतीय तरुणांनी त्यावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचले.

तेरमेन यांच्या नशिबी मात्र मोठे दुःख आले. 1938 मध्ये ते अमेरिकेतून मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. तुरुंगातील प्रयोगशाळेतही त्यांनी संशोधन केले. 1993 साली, वयाच्या 97 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे वाद्य आजही वाजत आहे.

मित्रांनो, विज्ञान प्रदर्शनात बाजारातून आणलेली वस्तू मांडणे सोपे असते. पण परीक्षकांनी ‘हे कसे चालते?’ असे विचारले, की तिचा मालक गप्प होतो. तुमचे वाद्य जुने दिसेल, थोडे खरखरेल. पण त्याच्या प्रत्येक सुराचे कारण तुम्हाला सांगता येईल.

शब्दार्थ

अडथळा – रुकावट
कंपन – थरथरणे
धारित्र – विजेचा भार साठवणारा भाग
डाखणे – कथील वितळवून तार जोडणे
अडगळ – घरातील न वापरलेले सामान
मींड – एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) थेरेमिन कोणी तयार केले?
(आ) माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे किती कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो?
(इ) क्लारा रॉकमोर यांना व्हायोलिन का सोडावे लागले?

प्र. 2. कारणे सांगा.
(अ) भिंतीतल्या विजेवर चालणारा रेडिओ उघडू नये.
(आ) थेरेमिन सुरात वाजवणे अवघड आहे.

प्र. 3. वाक्यात उपयोग करा.
कान देऊन ऐकणे, दिसून येणे, नकोसे वाटणे

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या काळातील रेडिओच्या आठवणी विचारा व मराठीत आठ-दहा ओळी लिहा.