यंत्रखरेदीतील दरपत्रके आणि गुप्ततेची अट

रोहिणी नक्षत्र जवळ आले म्हणजे मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांतील भातशेतकऱ्यास चिखलणीची चिंता लागते. येथील खाचरे लहान असल्याने पॉवर टिलर सोयीचा ठरतो. परंतु त्याची किंमत एकट्यास झेपत नाही. म्हणून शेतकरी गट किंवा सहकारी संस्था सर्वांचा पैसा जमवून कल्याण वा ठाणे येथे खरेदीस जातात.

तेथे विक्रेता कित्येकदा म्हणतो, "हा भाव केवळ तुमच्यासाठी आहे, बाहेर बोलू नका." क्वचित तशा लेखावर सहीही मागितली जाते. अशा वेळी काय करावे?

पूर्वी धान्यबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत प्रचारात होती. शेजारी उभ्या शेतकऱ्यास आपल्याच मालाचा भाव कळत नसे. ती जाऊन उघड लिलाव यावा, यासाठी बाजारविषयक कायदे झाले. विकताना जो उघडेपणा आपण मागतो, तोच खरेदी करतानाही मागावा. भाव गुप्त राहिला की शेजारच्या गावाने काय दिले हे कळत नाही, आणि त्याचा लाभ बहुधा विक्रेत्यासच होतो.

दरपत्रकांची तुलना : किमान तीन विक्रेत्यांकडून एकाच वर्णनाच्या यंत्राची लेखी दरपत्रके मागवावीत. समजा, पहिल्याने १,९०,००० रुपये दर दिला. त्यावर ५ टक्के कर ९,५०० रुपये, वाहतूक ४,००० रुपये व चिखलणीची लोखंडी चाके ९,००० रुपये धरता एकूण २,१२,५०० रुपये होतात. दुसऱ्याने सर्व खर्चासह २,०६,००० रुपये सांगितले. म्हणजे जो दर १६,००० रुपयांनी स्वस्त भासला, तो वस्तुतः ६,५०० रुपयांनी महाग आहे. हमीची मुदत, सुट्या भागांची उपलब्धता व दुरुस्तीची सोय यांचीही अशीच तुलना करावी.

गुप्तता कोठे योग्य : मोहोरबंद दरपत्रके ठरलेल्या वेळी सर्वांसमक्ष उघडावीत. तोपर्यंत एकाचा दर दुसऱ्यास सांगणे अन्यायाचे होय. यंत्राचे आराखडे गुप्त ठेवण्याची अटही रास्त असू शकते. मात्र विक्रेत्यांनी आपसांत संगनमत करून दर भरणे, हे २००२ च्या स्पर्धा अधिनियमान्वये निषिद्ध आहे.

सही करण्यापूर्वी : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार समितीच्या सभांचे कार्यवृत्त पाहण्याचा सभासदास हक्क आहे. तेव्हा खरेदीचा ठराव व दर कार्यवृत्तात नोंदवावा. विक्रेत्याशी केलेल्या लेखाने हा हक्क नाहीसा होत नाही. गुप्ततेची अट मान्य करणे भागच पडले, तर सभासद, लेखापरीक्षक, बँक, कृषी अधिकारी आणि न्यायालय यांना माहिती देण्यास ती आड येणार नाही, असे वाक्य त्यात घालून घ्यावे. लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये.

अनुदान असल्यास : महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. यंत्राच्या तपासणी अहवालाची खात्री करावी व पक्के बिल घ्यावे. बिलात जादा रक्कम दाखवून फरक परत देण्याची बोलणी कोणी केल्यास ती साफ नाकारावी. कारण खोट्या बिलावर सही करणाराही दोषी ठरतो. दिनांक २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व मशागतीच्या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दरपत्रकात कोणता दर लावला आहे, तेही पाहावे.

बंधूंनो, दहा घरांचा पैसा ज्या यंत्रात गुंततो, त्याची किंमत त्या दहाही घरांना ठाऊक असली पाहिजे. जो भाव गावच्या सभेत वाचून दाखविता येत नाही, त्या भावाने यंत्र घेऊ नये.