परगावी पळताना: काय करावं, काय टाळावं

ऑफिसचं काम असो, भाचीचं लग्न असो की मुलाच्या कॉलेजचा प्रवेश, बॅगेत पळायचे बूट टाकल्याशिवाय गावाबाहेर न पडणारी एक जमात आहे. दुसरी जमात उलट्या टोकाने निघते: आधी शर्यतीची तारीख, मग गाव, मग रजेचा अर्ज. जानेवारीत मुंबई, सप्टेंबरात लडाख, डिसेंबरात कोलकाता असं त्यांचं पंचांगच तयार असतं. दोन्ही नाद चांगले. घोटाळा होतो तो एकाच सहलीत दोन्ही कोंबायला गेलं की.

काय करावं

तिकीट काढण्याआधी ठरवावं, या खेपेला शर्यत की शहर. शर्यत असेल तर ती आधी उरकावी, गाव नंतर पाहावं. रविवारी हाफ मॅरेथॉन असेल तर रजा सोमवारची काढा. दिल्लीत शनिवारी कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि संध्याकाळी चांदणी चौक केला की वीस हजार पावलं सहज होतात, आणि तीच पावलं रविवारी सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला हिशेब मागायला येतात. शहर पाहायचं असेल तर बिब, टायमिंग चिप, मेडल यांच्या भानगडीत न पडता रोज सकाळी पाच-सात किलोमीटर रमतगमत पळावं. माझं मत विचाराल तर बहुतेक सहलींना एवढंच पुरतं.

‘लोक सकाळी फिरायला कुठे जातात?’ असं विचारावं. ‘इथे पळायला जागा कुठे आहे’ असं विचारलंत, तर लॉजच्या काउंटरवरचा माणूस विचारात पडतो किंवा जिमचा पत्ता देतो. फिरायची जागा विचारली की उत्तर तोंडावर असतं. नाशिकला गोल्फ क्लबचं मैदान, कोल्हापूरला रंकाळा, नागपूरला अंबाझरी, पणजीला मिरामार, म्हैसूरला कुक्करहळ्ळी तलाव, बंगळुरूला कबन पार्क, दिल्लीला लोधी गार्डन, दक्षिण कोलकात्यात रवींद्र सरोवर. अशा जागी दिवे असतात, माणसं असतात, आणि पाय मुरगळलाच तर हात द्यायला कुणीतरी निवृत्त काका हजर असतात. पुण्यात उत्तर येईल ‘टेकडी’, आणि त्यावर वेताळ, हनुमान, तळजाई की पर्वती असा वाद सुरू होईल. कुठलीही निवडा, पण वेताळ टेकडीवर अंधारात एकट्याने शिरू नका. उजाडल्यावर जा, मग अर्धं कोथरूड तिथेच भेटतं.

बायकांनी हा प्रश्न शक्यतो त्या गावातल्या बाईलाच विचारावा. ‘काही होत नाही, बिनधास्त जा’ असं पुरुष सांगतात ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतात, आणि तो अनुभव इथे कामाचा नसतो. जवळपास रनिंग ग्रुप असेल तर आदल्या दिवशी मेसेज टाकावा. पाहुण्या धावपटूला नाही म्हणणारा ग्रुप सहसा सापडत नाही, उलट पळून झाल्यावर इडलीचं बिलही तेच देतात.

सूर्योदय पाहून गजर लावावा. देशभर घड्याळ एकच असलं तरी सूर्य त्याचं ऐकत नाही. जूनमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास उजाडतं, मुंबईत सहाला. डिसेंबरात कोलकात्यात सूर्य सव्वासहाच्या आत वर आलेला असतो, मुंबईत त्यासाठी सात वाजावे लागतात. मुंबईच्या सवयीने तुम्ही कोलकात्याच्या मैदानावर आरामात पोचलात, तर चरणारे घोडे दिसतील, क्रिकेटचे डाव दिसतील, पण रिकामा रस्ता हातचा गेलेला असेल.

सातारा एकदा तरी करावं. 2012 पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, अर्ध्यावर वळायचं आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. पावसाळा सरत आलेला असतो, घाटात कधी ढग अंगावर येतात, कधी एका वळणावर अख्खं सातारा शहर खाली मोकळं दिसतं. नवखे चढाला घाबरतात. त्याची काळजी नको. तीव्र तुकडा चालत चढलात तरी कुणी हसत नाही, निम्मे लोक तेच करत असतात.

खरा मार उतारावर बसतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच शरीराचा भार पेलून धरावा लागतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती दुखते दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तर अधिकच. म्हणून तयारीत चढाइतकाच उतार हवा. पुणेकरांना सिंहगडाचा डांबरी रस्ता आहे, ठाणेकरांना येऊर. उतरताना पावलं लहान ठेवावीत, टाच आपटत मागे रेलू नये. आणि रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं टाळीसाठी हात पुढे करून उभी असतात, त्यांना टाळी द्यावी. त्यात वेळ जात नाही. कंदी पेढे मात्र शर्यतीनंतर.

उंचीला दिवस द्यावेत. ‘आधी शर्यत, मग गाव’ हा नियम लेहमध्ये उलटा होतो. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही करू नये, अगदी बाजारातली चढणसुद्धा सावकाश चढावी. शर्यतीआधी किमान आठवडा तिथे काढावा. लडाख मॅरेथॉनच्या जोडीने होणारी 72 किलोमीटरची खारदुंगला चॅलेंज 5,300 मीटरच्या वरून जाते. तिचं नाव काढण्याआधी दोन-तीन वर्षं इतरत्र पळून घ्यावं.

बूट हातातल्या बॅगेत. सामान चुकलं तर शर्ट कुठेही मिळतो, पायाला बसलेला बूट मिळत नाही. रेल्वेत बूट बर्थखाली ठेवून झोपू नये. कारण सांगायला नको.

शुक्रवारी रात्री, फार तर शनिवारी सकाळी पोचावं. मोठ्या शर्यतींचा बिब एक्स्पोमध्येच घ्यावा लागतो, रविवारी पहाटे तो देत नाहीत. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. हिवाळ्यात उत्तरेकडच्या गाड्या आणि विमानं धुक्यामुळे रखडतात, ते गृहीत धरूनच तिकीट काढावं.

परदेशी गेलात तर शनिवारची सकाळ मोकळी ठेवावी. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेला पार्करन हा परगावी पळणाऱ्यांसाठी मिळालेला सर्वांत मोठा ठेवा आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. दर शनिवारी, पाच किलोमीटर, फुकट. एकदाच नाव नोंदवायचं, बारकोड मिळतो, तो जगातल्या कुठल्याही पार्करनला चालतो. इंग्लंडमध्ये सकाळी नऊला, सिंगापूरसारख्या उकाड्याच्या जागी त्याहून लवकर. बारकोड नेला नाही तर वेळेची नोंद होत नाही, एवढंच पथ्य. लेकीकडे लंडनला किंवा मुलाकडे मेलबर्नला तीन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांनी तर हे जरूर करावं. चालत गेलं तरी चालतं. सर्वांत शेवटी चालण्यासाठी एक स्वयंसेवक नेमलेला असतो, त्यामुळे शेवटचा नंबर आपला येतच नाही. नंतर कॉफी पिताना ओळखी होतात, आणि सूनबाईंच्या सुट्टीची वाट बघत घरात बसायची वेळ येत नाही.

काय टाळावं

घाटावर पळणं. काशीला अस्सी घाटावरून पहाटे निघून गंगेच्या काठाने उत्तरेकडे जावं, यासारखी सकाळ नाही. पण तिथे चालावं. पायऱ्या ओल्या, काही ठिकाणी शेवाळलेल्या. कुणी अर्घ्य देत असतं, कुणी ओल्या पंच्याने वर येत असतं. हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका या घाटांवर चिता जळत असतात. तिथे घड्याळ थांबवावं, फोन खिशात ठेवावा. पळायचंच असेल तर बनारस हिंदू विद्यापीठाचे झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते दक्षिणेला जवळच आहेत. नाशिकच्या गोदाघाटाला आणि पंढरपूरच्या वाळवंटालाही हेच लागू.

शनिवारी रात्री गावची खासियत खाणं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा, नागपुरात सावजी, हैदराबादेत बिर्याणी, सगळं रविवारी दुपारी. शनिवारी वरण-भात, दही-भात, जे घरी पचतं ते. हॉटेलातला नाश्ता शर्यतीच्या दिवशी वेळेत मिळेल, या भरवशावर राहू नये. केळी आणि ब्रेड रात्रीच खोलीत आणून ठेवावेत.

घरचा पेस परगावी नेणं. पुण्याच्या कोरड्या, गार सकाळी जमलेला वेग घेऊन पुणेकर जानेवारीत मुंबईला येतात आणि सी लिंकपर्यंत हवेत असतात. मुंबईत घाम सुकत नाही, वाहतो. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, आणि हृदयाचे ठोके त्याच वेगाला चढत जातात. फुल मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ तीस किलोमीटर उलटून गेल्यावर येतो. त्यासाठी काही शिल्लक ठेवायचं, तर पहिल्या दहा किलोमीटरला मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावं लागतं. घड्याळात 42.2 च्या जागी 42.7 दिसले म्हणून आयोजकांना मेल लिहू नये. मार्ग मोजतात तो सर्वांत जवळच्या रेषेने, आपण पळतो नागमोडी, शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं.

कुत्र्यापुढे पळणं. अनोळखी गल्लीत कुत्रा अंगावर आला तर थांबावं, त्याच्या डोळ्यांत न बघता, पाठ न फिरवता हळूहळू बाजूला व्हावं. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. ‘गावी गेल्यावर बघू’ हे इथे चालत नाही.

दिवाळीनंतरच्या दिल्लीत हट्ट करणं. हवेचा निर्देशांक तीनशेच्या वर असेल तर बूट बॅगेतच राहू द्यावेत. पळताना आपण एरवीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात धूरही जास्त जातो. त्या दिवशी पराठे खावेत.

दुसऱ्याच्या बिबवर पळणं. मित्राला जमत नाही, त्याचा नंबर वाया जाऊ नये, हा विचार आपल्याकडे फार. रस्त्यात माणूस कोसळला की वैद्यकीय पथक बिबवरूनच नाव, रक्तगट आणि घरचा नंबर काढतं. चुकीच्या घरी फोन जातो आणि चुकीचा रक्तगट सांगितला जातो. हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

मोठ्या मॅरेथॉनच्या मागे लागून कर्ज काढणं. टोकियो, बॉस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यू यॉर्क या सहा मोठ्या मॅरेथॉनमध्ये 2025 पासून सिडनी आली. बॉस्टनला पात्रतेची वेळ लागते, इतर बहुतेक ठिकाणी सोडतीत नाव लागावं लागतं. नाव लागेपर्यंत परत न मिळणारी तिकिटं काढू नयेत. नाव लागलं की व्हिसाचा अर्ज लांबवू नये. बर्लिनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बर्लिनचा रस्ता सपाट आहे, एलियुड किपचोगेने 2022 मध्ये तिथेच 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांचा विक्रम केला होता, हे सगळं खरं. पण त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रेझेंटेशन नव्हतं.

परदेशात सवयीने उजवीकडून पळणं. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळावं. आपल्याकडे ती उजवी बाजू. जर्मनी-अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथे डावी. रस्ता ओलांडताना आपली मान आधी चुकीच्या दिशेला वळते. कानात दोन्ही इअरफोन असतील तर ही चूक महागात पडते.

पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेणं. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पाणी ढोसणंही नको, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. तहान लागेल तसं प्यावं.

घरच्यांना पहाटे चारला उठवणं. ते तुमच्याबरोबर गाव पाहायला आले आहेत. त्यांना झोपू द्यावं आणि नाश्त्याला हॉटेलात परत पोचावं. मेडल गळ्यात घालून जेवायला बसू नये.

परतीला वरचा बर्थ घेणं. विशेषतः साताऱ्यासारख्या उताराच्या शर्यतीनंतर. चढणं कसंबसं जमतं, पहाटे स्टेशन आल्यावर खाली उतरणं जमत नाही. खालचा मिळाला नाही तर समोरच्या तरुणाला विनंती करावी. तोही मेडल घेऊन आला असेल तर मात्र नशीब.