री-एंट्री

आजचं वाचन: महाभारत, सभापर्वातलं दुसरं द्यूत.

मित्रांनो, पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीने पांडवांना सोडवलं, धृतराष्ट्राने राज्यही परत दिलं. सगळे इंद्रप्रस्थाला निघाले होते. वाटेतच पुन्हा बोलावणं आलं. यात नाश आहे हे कळत असूनही युधिष्ठिर मागे फिरला. पणाला काय, तर १२ वर्षं वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास!

ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये याला री-एंट्री म्हणतात. चिप्स संपल्या की पुन्हा फी भरायची. जालन्याला घरून काम करायचो, तेव्हा मीही ते बटण कितीदा दाबलं. प्रोबॅबिलिटी येते ना आपल्याला, इंजिनियर!

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ॲप गेलं, पण रात्री अकराला हात अजून फोनकडे जातो. काल त्या वेळी हा अध्याय उघडला.