कोरीव लेखाची कच्ची प्रतिमा आणि पाठनिश्चिती

कोरीव लेखांच्या अभ्यासकाला मूळ शिळेसमोर बसून वाचन करण्याची संधी क्वचितच लाभते. त्याचे बहुतेक वाचन प्रतिरूपावरून होते. बी. लुईस राइस यांनी श्रवणबेळगोळच्या लेखांचा संग्रह १८८९ मध्ये बेंगळूरुहून प्रसिद्ध केला व आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती सिद्ध केली, त्या काळी असे विश्वसनीय प्रतिरूप म्हणजे ओला कागद शिळेवर ठोकून, त्यावर शाई फिरवून घेतलेला ठसा. त्याच बेंगळूरु शहरातील मिथिक सोसायटी या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०२१ मध्ये परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय संगणकीय जतनाचे कार्य हाती घेतले. परंतु तशी यंत्रे सर्वांच्या आवाक्यातील नव्हेत. एकट्या अभ्यासकाच्या हाती असतो तो साधा डिजिटल कॅमेरा. त्याने टिपलेल्या प्रतिमेवर पाठनिश्चितीचा भार कितपत टाकावा, हा खरा प्रश्न आहे.

कॅमेऱ्यातील संवेदक रंग पाहत नाही. तो केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या, १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या, या रचनेत निम्मे बिंदू हिरवे आहेत. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. हे अनुमान होण्यापूर्वीची मोजणी जतन केली की तिला ‘रॉ’ अथवा कच्ची प्रतिमा म्हणतात. चौदा बिटांच्या नोंदीत प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेग प्रतीत प्रत्येक रंगाच्या २५६ उरतात. पण आकड्यांतील या तफावतीहून गंभीर बाब वेगळीच आहे. जेपेग प्रत सिद्ध करताना कॅमेरा कडा धारदार करतो, प्रतिमेतील खरखर पुसतो आणि मूळ मोजणी टाकून देतो. पोथ्यांच्या संपादकाला असा नकलनवीस परिचित आहे. अडाणी नकलनवीस चुका करतो, पण त्या पकडता येतात; शहाणा नकलनवीस पाठ गुळगुळीत करून ठेवतो आणि त्याचा हात कोठे लागला हे कळेनासे होते.

मराठीच्या दृष्टीने यात काय पणाला लागते, हे श्रवणबेळगोळलाच दिसते. चावुंडरायाने गोम्मटेश्वराची मूर्ती करविली, ही वार्ता मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. मराठी ओळींच्या काळाविषयी बरीच चर्चा झाली आहे; येथे ती उकरण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे तो अनुस्वार. छापील पुस्तकांत कर्त्याच्या नामावरील आणि क्रियापदावरील अनुस्वार कधी येतो, कधी येत नाही. प्राचीन मराठीत तृतीयेचा प्रत्यय ‘एं’ असल्याने हा बिंदू शोभेचा नव्हे, तो विभक्तीच सांगतो. ग्रॅनाइटच्या पृष्ठभागावर मात्र टाकीने कोरलेला बिंदू आणि खपली उडून पडलेला खळगा दिसायला सारखेच. खरखर पुसणारी प्रक्रिया उथळ बिंदू गिळू शकते. कडा धारदार करणारी प्रक्रिया साध्या डागाभोवती उजळ किनार उठवून त्याला अक्षरत्व देऊ शकते.

म्हणून कामाची शिस्त छायाचित्रणापूर्वीच ठरवावी लागते. प्रकाश शिळेला लगटून, तिरपा यावा. मात्र प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही: डावीकडून आलेला प्रकाश काना उठावदार करतो आणि शिरोरेषा बुडवतो, वरून आलेला नेमके उलट करतो. एकच प्रतिमा पुरेशी नाही, ती यामुळे. ‘बेंगळूरु’ हे नाव ज्यावर आढळते, त्या बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील इ. स. ९०० च्या सुमाराच्या कन्नड लेखालाही हाच नियम लागू आहे. पहिल्या चित्रात मोजपट्टी व करडी पट्टी ठेवावी. पांढऱ्या रंगाचा समतोल कच्च्या प्रतिमेत केवळ टीप म्हणून राहतो, तो मागाहून बदलता येतो. परंतु अतिप्रकाशाने कोरा झालेला भाग कोणत्याही संस्करणाने परत येत नाही.

कार्ड पुसण्यापूर्वी दोन स्वतंत्र माध्यमांवर प्रती कराव्यात, तिसरी अन्य ठिकाणी असावी, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम नोंदवावा, म्हणजे वर्षांनंतर एक बिटही बदलला तर ते उघडकीस येते. फाइलच्या नावात स्थळ, शिळेची बाजू, प्रकाशाची दिशा आणि दिनांक असावा. निर्मात्यांचे खाजगी फाइल-प्रकार उद्या उघडतीलच असे नाही. ॲडोबीने २००४ मध्ये विनिर्देशासह प्रसिद्ध केलेल्या डीएनजी प्रकारात एक प्रत ठेवणे इष्ट, मात्र मूळ फाइल टाकू नये. संस्करणाच्या सूचना कच्च्या प्रतिमेत मिसळत नाहीत. त्या सोबतच्या टिपणफाइलमध्ये राहू शकतात. वाचनासाठी सोळा बिटांची टिफ प्रत काढावी, जेपेग छापण्यापुरती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–१९६६) न स्वीकारलेले पाठही पृष्ठाच्या तळाशी वाचकासमोर राहिले; टिपणफाइलचे स्थान तेच आहे. ती न देता केवळ उजळ चित्र छापणारा लेखक पाठभेद दडवणाऱ्या संपादकासारखाच वागत असतो, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

अशी नोंद असल्यास वादाचा निर्णय पुष्कळ पुढे नेता येतो. एका बिंदूविषयी दोन अभ्यासकांत मतभेद झाला, तर टिपणफाइलमधील धार शून्यावर आणावी. बिंदू नाहीसा झाल्यास तो संगणकाने घडविलेला. तो टिकल्यास विरुद्ध दिशेच्या प्रकाशातील प्रतिमा उघडावी: खनिजाचा काळा डाग जागच्या जागी राहतो, खळग्याची सावली दुसऱ्या कडेला सरकते. एवढ्याने तो खळगा आहे हे ठरते. तो टाकीचा की खपलीचा, यासाठी त्याच लेखातील इतर बिंदूंची खोली व घडण ताडून पाहावी लागते, आणि तेथेही संशय उरला तर पुन्हा शिळेकडे जावे लागते.