मुळांवरच्या गाठी

पाणी दिलं, खत घातलं, तरी वांग्याचं झाड पिवळं पडतं. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. आपण म्हणतो, "पाणी कमी पडलं." नाहीतर म्हणतो, "कुणाची नजर लागली." पण मुळाकडे कोण पाहतो?

ब्राझील नावाचा एक दूरचा देश आहे. तिथे कॉफीचे मोठे मळे आहेत. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी रिओ द जानेरोच्या मुलखात कॉफीची झाडं वाळू लागली. गोल्डी नावाच्या शास्त्रज्ञानं त्यांची मुळं तपासली. मुळांवर गाठी होत्या. गाठींच्या आत बारीक किडे होते! १८८७ साली त्यानं त्या किड्याला नाव दिलं.

आपण याला सूत्रकृमी म्हणतो. सूत्र म्हणजे दोरा, कृमी म्हणजे किडा. याचं पिल्लू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते ओल्या मातीतून येतं, कोवळ्या मुळात शिरतं आणि तिथेच ठाण मांडून रस पितं. मूळ फुगून गाठ होते. एक मादी शेकडो अंडी घालते. उबदार हवेत महिनाभरात नवी पिढी तयार होते. गाठाळलेलं मूळ पाणी नीट ओढत नाही. मग नुसतं खत घालून काय उपयोग?

याच किड्याचे भाऊबंद आपल्याकडे वांगी, टोमॅटो, भेंडी, डाळिंब यांच्या मुळांत राहतात.

पण प्रत्येक गाठ वाईट नसते. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठी गुणाच्या असतात. त्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात. आत गुलाबी असतात. किडीची गाठ म्हणजे सुजलेलं मूळच. ती अशी सुटत नाही.

मग काय करावं? ही कीड एकदा शेतात शिरली, की पुरती जात नाही. पण कमी करता येते.

१. रोपाचं मूळ पाहा. गाठ असेल तर रोप फुकटही आणू नका.
२. पीक निघाल्यावर गाठाळ मुळं खणून जाळा.
३. उन्हाळ्यात खोल नांगरट करा. जमीन तापू द्या.
४. निंबोळी पेंड घाला.
५. पीक पालटा. मधून झेंडू दाट लावा.
६. औताला लागलेली माती धुवा. तिच्यातून कीड दुसऱ्या शेतात जाते.

ब्राझीलचे शेतकरी तर एका जातीच्या कॉफीचं कलम दुसऱ्या, दणकट जातीच्या मुळावर बांधतात.

उद्या शेतात एक पिवळं झाड दिसलं, तर ते उपटू नका, हळूच खणून काढा. मुळं पाण्यात धुवा आणि पाहा.

सांगा पाहू :
१. भुईमुगाची गाठ आणि किडीची गाठ कशी ओळखाल?
२. औत का धुवावं?